आण्णांचं भाषण आणि आत्याचं वावर

आण्णा आमदार झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी मायनं परसात वेगळी चूल घातली. ती फक्त चहाची. गुलाल अजून ढाळजेच्या फरशीवरून निघाला नव्हता आणि माणसं पहाटेपासून यायला लागली होती. दारातून आत आलं की दोन्ही अंगांना बसायची उंच जागा असते ती आमची ढाळज. आजोबांच्या काळी तिथं फार तर चार पाहुणे आणि एखादं पोतं असायचं. आता तिथं चाळीस-चाळीस माणसं बसू लागली. मी अंथरुणातच त्यांचे आवाज ओळखायची. काठी भिंतीला टेकवल्याचा आवाज, घसा खाकरल्याचा, बाहेर चपला झटकल्याचा, आणि मग बशीतून चहा ओढल्याचा लांब सुस्कारा. कुणाचा पोरगा सैन्यात घ्यायचा असायचा, कुणाची डीपी जळालेली असायची, कुणाची सून माहेरी निघून गेलेली असायची. तेही काम आमदाराचंच, अशी लोकांची समजूत होती, आणि आण्णांचीही होती. आदल्या दिवशीची सून दुसऱ्या दिवशी नांदायला आली, की ते मंत्र्यानं पूल मंजूर केल्यापेक्षा जास्त खुशीत जेवायचे.

आमचं गाव पिंगळीच्या स्टेशनापासून बैलगाडीनं अर्ध्या तासावर. अधिवेशनाला जायचं म्हणजे आण्णा गाडीनं स्टेशनवर, तिथून पॅसेंजरनं परभणी, आणि पुढं रात्रीच्या गाडीनं मुंबई. सोबत मायनं केलेले धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि येसराची, म्हणजे भाजलेल्या डाळी-मसाल्याच्या पिठाची पुडी. मुंबईत आमदार निवासाच्या खोलीत ते स्वतः येसराची आमटी करून खायचे. बाहेरचं खायचं नाही, खुर्चीवर बसून जेवायचं नाही, धोतर सोडायचं नाही, एकादशी मोडायची नाही. पक्षातली तरुण मंडळी मागून त्यांना ‘जुना रुपया’ म्हणत. ते आण्णांच्या कानावर आलं तेव्हा ते म्हणाले, जुन्या रुपयात चांदी असायची.

जुन्या वळणाचा माणूस म्हणजे कसा, हे आता पोरांना समजावून सांगताना माझी अडचण होते. आण्णा कुणाच्या अंगावर ओरडत नसत, कुणाला कमी लेखत नसत. पण जे आहे ते मोडायचं असेल तर आधी दहा वेळा विचारावं, हा त्यांचा धर्म. गावच्या जत्रेत तंबूचा सिनेमा येऊ दिला नाही. बाजारपेठेतल्या दारूच्या दुकानाला त्यांनी स्वतःच्याच सरकारशी भांडून विरोध केला. गायरानाची एक इंच जमीन कारखान्याला द्यायची नाही म्हणून ते सभागृहात खाली बसायलाच तयार झाले नाहीत. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, की सरकारनं रस्ता करावा, पूल करावा, पण घराच्या चुलीपाशी येऊ नये. मला मात्र त्यांनी परभणीला कॉलेजात घातलं होतं. जुन्या वळणात ते कसं बसत होतं हे मी कधी विचारलं नाही. बसत होतं ते बरंच होतं.

भाषणाची तयारी ते मायपुढं करायचे. संध्याकाळी ती भाकरी थापायला बसली की आण्णा पाटावर बसून, अध्यक्ष महोदय म्हणून सुरुवात करायचे. भाकरीच्या थापांत त्यांचं बोलणं मिसळून जायचं. माय मधेच परातीतून मान वर न करता म्हणायची, लांबलं. मग ते एक मुद्दा काढून टाकायचे. एवढीच त्यांची तालीम. सभागृहात त्यांची भाषणं आखूड असत म्हणून पेपरवाले त्यांची तारीफ करायचे, आणि त्याचं श्रेय कुठं जायला पाहिजे ते आम्हाला घरी माहीत होतं.

त्यांच्या आमदारकीच्या शेवटच्या पावसाळ्यात लेकींना बापाच्या जमिनीत वाटा द्यावा असं एक विधेयक चर्चेला आलं. आण्णा विरोधात बोलले. रेडिओवरच्या संध्याकाळच्या बातम्यांत त्यांचं नाव आणि दोन वाक्यं आली. आमचा सगळा जीव त्या पेटीला लागला होता. आण्णा म्हणाले होते, लेकीला वाटा भावानं मनानं द्यावा. कायद्यानं घ्यायला लावला तर वाटा मिळंल पण माहेर तुटंल. मायनं रेडिओ बंद केला आणि म्हणाली, चांगलं आखूड बोलले.

त्यांच्या सगळ्या कारकिर्दीत तेच भाषण सगळ्यांत जास्त गाजलं. परतताना पिंगळीच्या स्टेशनावर हार घेऊन माणसं उभी होती, आणि तीही साधीसुधी नव्हती. जिल्ह्यातले मोठे जमीनदार, ज्यांनी आधी कधी आमच्या ढाळजेत पाऊल ठेवलं नव्हतं, ते पेढे घेऊन आले. आण्णा, तुमी आमची घरं वाचवली, असं एकेक जण म्हणत होता. पक्षाचे जिल्हाध्यक्ष येऊन सांगून गेले की पुढचं तिकीट पक्कं, कदाचित मंत्रिपदही. आण्णा सगळ्यांना चहा पाजत होते आणि जरा अवघडलेले दिसत होते. मी कॉलेजात गेले तेव्हा वर्गातल्या दोघी माझ्याशी बोलल्या नाहीत. मला राग आला तो त्यांचा आला की आण्णांचा, हे तेव्हाही कळलं नव्हतं आणि आता आठवून सांगता येत नाही.

आण्णांची थोरली बहीण सेलूला दिलेली होती. तिचं नाव केवळाबाई. आण्णा तिला आक्का म्हणत, ती त्यांना माणका, आणि आम्ही तिला आत्या. आजी गेली तेव्हा आण्णा रांगत होते, आणि त्यांना वाढवलं ते या बहिणीनं. तिचा नवरा सेलूच्या एका जिनिंगमध्ये मुकादम होता. तिला कशाची ददात नव्हती. घर होतं, लेकाचं कापसाच्या बाजारात दलालीचं दुकान होतं, सून गुणाची होती. आत्या उंच, काळी, कुंकू मोठं लावणारी. चालताना पाटल्यांचा आवाज आधी यायचा आणि मग आत्या. दर वर्षी पंचमीला ती माहेरी यायची. नागचतुर्थीला भावासाठी उपवास धरतात, तो तिनं कधी सासरी धरला नाही. उपवास भावाचा हाय तर भावाच्या घरीच धरायचा, असा तिचा हट्ट होता.

त्या वर्षीही ती चतुर्थीला पॅसेंजरनं आली. आमचा दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, गाडी घेऊन स्टेशनवर गेला. तोच तेव्हा शेती बघायचा. आत्या गाडीतून उतरली, आण्णांच्या चेहऱ्यावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली, आणि दिवसभर पाण्यावर राहिली. रात्री आम्हा पोरींच्या हातावर तिनं मेंदी काढली. दुसऱ्या दिवशी पंचमी. पंचमीला आमच्याकडं काही चिरत नाहीत, कापत नाहीत, चुलीवर तवा ठेवत नाहीत, नांगर धरत नाहीत. सगळं उकडलेलं खायचं. मायनं पुरणाची दिंडं वाफवली होती, वर तुपाची धार. बाहेर लिंबाला झोका बांधला होता आणि पोरींच्या हसण्याचा आवाज घरभर येत होता. आम्ही वारुळाला लाह्या वाहून आलो, आणि मग आण्णा आणि दादा जेवायला बसले. आत्या वाढत होती.

दुसरं दिंड आण्णांच्या ताटात टाकता टाकता ती अगदी सहज म्हणाली, “माणका, त्या रेडिओवर तू म्हन्लास ते खरंच म्हन्लास का पेपरवाल्यांनी लावून दिलं?”

“खरंच म्हन्लो, आक्का.”

“भावानं मनानं द्यावा म्हन्लास.”

“व्हय.”

“मंग माझा वाटा दे. तुझं मन हाय का न्हाई तेवढं सांग.”

दादाचा घास हातातच राहिला. माय चुलीपाशी होती, तिनं पातेल्यावरचं झाकण काढलं आणि पुन्हा ठेवलं. आण्णांनी आत्याकडं बघितलं. ती थट्टा करत असेल असं त्यांना वाटलं असावं, कारण त्यांच्या ओठांवर थोडं हसू होतं, आणि ते हळूहळू गेलं. मग ते म्हणाले, “आज पंचमी हाय. आज वावराचे तुकडे करीत न्हाईत.”

“म्या कुठं आज म्हन्ले,” आत्या म्हणाली. “उद्या कर. तूप वाढू का?”

त्या दुपारी मायचा विरोध सगळ्यांत आधी बाहेर आला, तोही मोठ्या मानानं. तिनं आत्याला आतल्या खोलीत नेलं, साडी घ्या, पाटल्या घ्या, पण घरादाराच्या तोंडचा घास मागू नका म्हणाली. हे घर तिनं या जमिनीवर चालवलं होतं, त्या चाळीस माणसांच्या चहासकट. दादा तर आत्याच्या पुढून निघून गेला. मला राहवलं नाही. मी झोक्यापाशी आत्याला विचारलं, तुला काय कमी आहे. ती झोक्याच्या दोराला टेकून म्हणाली की कमी काहीच नाही. पण घर नवऱ्याच्या नावावर, दुकान लेकाच्या नावावर, रेशनकार्डावरसुद्धा तिचं नाव दुसरं. “जन्मभर कुणाच्या तरी वावरात खुरपं चालवलं. बापाच्या, मंग दिराच्या. माझ्या वावरात माझं पीक डोलायलंय, असं एकदा बघायचं हाय. मेल्यावर काय करू त्याला?” हे ती दुःखानं बोलली नाही. लुगडं घ्यायचं ठरवल्यासारखं बोलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आण्णांनी ढाळजेतल्या लोकांना थांबवून ठेवलं आणि आत्याला म्हणाले, चल शेतात. पाण्याचा तांब्या घेऊन मीही निघाले, मला कुणी नको म्हटलं नाही. पाऊस पडून गेलेला. काळ्या मातीत चप्पल घालून दोन पावलं टाकली की तळाला शेर-शेर माती चिकटते. आत्यानं चपला काढून हातात घेतल्या आणि लुगडं वर खोचलं. आण्णा तिला आधी माळाकडं घेऊन गेले. तिथं रस्त्याला लागून आमची बरड जमीन होती, मुरमाड, कुसळं उगवणारी.

“हे घे,” आण्णा म्हणाले. “रस्त्याला हाय. पुढं भाव येईल.”

आत्यानं पायानं एक खडा उकरला, बघितला आणि टाकून दिला. “हे तू ठेव,” ती म्हणाली. “मनानं द्यायलायस न्हवं? मनानं देणारा बरड देत न्हाई.”

“मंग कुठलं?”

“हिरीपसलं.”

विहिरीजवळचं ते चार एकर म्हणजे आमची सगळ्यात चांगली काळी. त्यात तेव्हा मूग उभा होता. लहानपणी आत्या तिथंच पाखरं राखायची, मचाणावर आण्णांना मांडीवर घेऊन. आण्णा बराच वेळ त्या वावराकडं बघत उभे राहिले. मला वाटलं आता ते नाही म्हणतील, आणि आत्या उद्याच्या पॅसेंजरनं जाईल, आणि पुन्हा येणार नाही. तेवढ्यात आण्णा हसायला लागले. आधी हळू, मग पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. कशाला हसायलास म्हणून आत्यानं दटावलं. ते डोळे पुसत म्हणाले, “सभागृहात एवढे विरोधक बसले होते, आक्का. एकालाबी हे सुचलं न्हाई.”

मूग निघाल्यावर रजिस्ट्रीच्या कचेरीत जाऊन त्यांनी बक्षीसपत्र करून दिलं, आणि तलाठ्यानं सातबाऱ्यावर आत्याचं नाव लावलं. आज त्या रस्त्याकडच्या बरडाला खरंच भाव आलाय. रस्ता रुंद झाला, तिथं पेट्रोल पंप आणि मंगल कार्यालय उभं राहिलं. आत्याला मी एकदा तिच्या म्हातारपणी हे सांगितलं, तर ती म्हणाली, पेट्रोल पंपाला कणीस येतं का.

आत्यानं मागितलं आणि आण्णांनी द्यायचं कबूल केलं, ही बातमी मात्र कागदाआधीच पसरली. पॅसेंजरनंच ती नेली असणार. पूर्ण्यापासून सेलूपर्यंत प्रत्येक डब्यात माहेराहून परतणाऱ्या बायका बसलेल्या होत्या. राखीपौर्णिमेला तालुक्यातल्या कितीतरी घरांत राखी बांधून झाल्यावर बहिणींनी हात मागं घेतला नाही. आमदारानं दिलं, तुझं मन हाय का न्हाई? जे पेढे घेऊन आले होते तेच जमीनदार आता तोंड कडू करून ढाळजेत आले. आण्णा, भाषण आमच्या बाजूनं केलंत आणि करणी आमच्या विरोधात, असं त्यांचं म्हणणं. आण्णा शांतपणे म्हणायचे, भाषणात जे म्हन्लो तेच केलं, तुमी नीट ऐकलं न्हाई.

मग जिल्हाध्यक्ष जीप घेऊन आले. त्यांचा तोडगा सोपा होता. सेलूच्या सभेत आण्णांनी एवढंच सांगायचं की बहिणीनं घरात अडवून धरलं, अब्रूसाठी द्यावं लागलं, बाकीच्यांनी असं करू नये. म्हणजे लोकांचा राग जाईल आणि तिकीटही राहील. मी दाराआडून ऐकत होते. आण्णांनी त्यांना चहा संपवू दिला.

“बहिणीला खोटं पाडून मतं मागू व्हय?” ते म्हणाले.

इथं मला एक गोष्ट नीट लिहायची आहे, कारण पुष्कळ लोक तिचा सोयीचा अर्थ लावतात. आण्णा बदलले नव्हते. ते विधेयक मताला आलं तेव्हाही त्यांनी विरोधातच हात वर केला. मी त्यांच्याशी भांडले. स्वतः दिलं मग कायद्याला नाही का म्हणता? ते म्हणाले, कायदा घराच्या चुलीपाशी यायलाय. मी म्हटलं, सगळ्यांच्या बहिणी आत्यासारख्या धीट नसतात आणि सगळे भाऊ तुमच्यासारखे हसत नाहीत. यावर ते म्हणाले, “तुझं खरं असंल. पण मला जे दिसतंय ते म्या बोलणार.” पुढं कायदा झाला. मी शाळेत शिकवत असताना, त्या कायद्याशिवाय ज्यांना मूठभर मातीसुद्धा मिळाली नसती अशा बाया पाहिल्या, आणि हक्काचा कागद हातात घेऊन माहेरच्या बंद दारासमोर उभ्या राहिलेल्याही पाहिल्या. बापलेकीचं ते भांडण आम्ही शेवटपर्यंत प्रेमानं चालवलं. कुणीच हरलं नाही.

दादा पोळ्यापर्यंत आत्याचं नाव घेत नव्हता. पण रब्बीची पेरणी आली तेव्हा त्या वावरावर तिफण धरायला माणूस पाहिजेच होता, आणि दुसरा कुणी नांगर घालतो हे त्याला बघवलं नसतं. त्यानं बटईनं, म्हणजे अर्ध्या पिकाच्या वाट्यानं, ते वावर कसायला घेतलं. आत्या पेरणीला मुद्दाम सेलूहून आली, पदरात ज्वारी घेऊन, तिफणीच्या बी सोडायच्या चाड्यावर हात धरून स्वतः पेरत गेली. आण्णा बैलांपुढं चालत होते. अर्ज घेऊन आलेली माणसं बांधावर थांबली होती.

ज्वारी अशी आली की रस्त्यानं जाणारी माणसं थांबून बघायची. संक्रांत झाली, कणसांत दूध भरलं, आणि आत्यानं सगळ्यांना हुरड्याला बोलावलं. सेलूहून लेक-सून, गावातले शेजारी, आणि आम्ही. ‘माझ्या वावरात या,’ असा तिनं निरोप धाडला होता. तो निरोप सांगताना गड्यालाही हसू येत होतं. वावराच्या कडेला खड्डा खणून गोवऱ्या पेटवल्या होत्या. धुराचा आणि भाजत्या कणसाचा वास, चोळताना हाताला बसणारा चटका, सोबत दही, गूळ आणि शेंगदाण्याची चटणी. चटणी मायनं केली होती. कुणी सांगितलं नव्हतं, तिनं आपणहून पाटा धुतला होता. आत्यानं आण्णांना घोंगडी अंथरून पाहुण्याच्या जागी बसवलं. त्यांना काही करू देत नव्हती. आपल्याच बापाच्या शेतात आण्णा पाहुण्यासारखे मांडी घालून बसले होते, आणि इतके सुखात मी त्यांना निवडून आल्याच्या दिवशीही बघितलं नव्हतं.

निवडणुकीची तिकिटं त्याच दिवसांत ठरत होती. ऊन कलायला लागलं तेव्हा पिंगळीहून एक कार्यकर्ता सायकलवर आला. त्यानं सायकल बांधाला लावली, आण्णांच्या जवळ येऊन वाकला आणि हळू आवाजात सांगितलं. तिकीट दुसऱ्याला गेलं होतं. एका जमीनदाराच्या पुतण्याला. आजूबाजूच्यांनी ते ऐकलं आणि चोळणारे हात थांबले. आण्णांनी मान हलवली, त्या कार्यकर्त्याला खाली बसवलं, एवढ्या लांब उन्हात आलास म्हणाले.

आत्या विस्तवापाशी होती. ती उठली नाही. तिथूनच तिनं विचारलं, “माझ्यामुळं गेलं का रे, माणका?”

“न्हाई,” आण्णा म्हणाले. “याला हुरडा दे. आन् मलाबी घाल, चटणी लय चांगली झाली.”

तिनं दोन कणसं राखेतून काढली, पदरानं धरून चोळली, फुंकर घालून भुसा उडवला. हिरवे, वाफाळते दाणे तिनं आधी त्या कार्यकर्त्याच्या ओंजळीत आणि मग भावाच्या ओंजळीत ओतले. आण्णा खात राहिले. मायनं चटणीचं भांडं त्यांच्याकडं सरकवलं. पलीकडं वावरात वारा शिरला आणि सगळी ज्वारी एका अंगानं वाकली. आत्या हातातलं कणीस तसंच धरून, पाठमोरी होऊन, बराच वेळ त्या पिकाकडं बघत राहिली.